चिंच, राख आणि भाऊसाहेब

भाऊसाहेबांचं पहिलं दर्शन मला पाठमोरं झालं. देवासच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून मी धारहून दोन बॅगा आणि एक गॅसची शेगडी घेऊन चौधरीजींच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या सकाळची गोष्ट. मजल्याचे दोन भाग होते. उजवीकडच्या दोन खोल्या माझ्या, डावीकडच्या तीन त्यांच्या. त्यांचं दार सताड उघडं होतं आणि आतल्या बोळाच्या टोकाला न्हाणीघर दिसत होतं. तिथे सत्तरीचे एक उंच, सडसडीत गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कमरेला उपरणं आवळून, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले होते. मला वाटलं पूजा चालली आहे. थोडं पुढे होऊन पाहिलं तर हातात दात घासायचा ब्रश होता आणि ते दोन टाइल्समधला सांधा घासत होते.

मी नमस्कार म्हटलं. त्यांनी मान न वळवता डावा हात वर केला, मिरवणुकीत हत्तीवरून करतात तसा, आणि म्हणाले, "एवढी ओळ पुरी होऊ द्या."

ओळ पुरी झाली. मग उठले, हात धुतले, उपरणं सोडून, झटकून खांद्यावर टाकलं आणि रीतसर नमस्कार केला. मी कोण, कुठली, हे विचारून झालं. धारची म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर थोडी कीव आली. धारला काय, एकच गादी. देवासला दोन. मोठी पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन राजे, रस्त्याच्या या अंगाला एक राज्य आणि त्या अंगाला दुसरं. भाऊसाहेब धाकट्या पातीचे. मोठ्या पातीच्या लोकांबद्दल ते वाईट बोलत नसत. त्यांच्याकडे पितळ काळं असायचं, एवढंच सांगत. हे सगळं त्यांनी पाहिलेलं मुळीच नव्हतं. राज्यं विलीन झाली आणि त्यानंतर भाऊसाहेब जन्मले. पण इकडे आमच्यात असली माणसं पुष्कळ आहेत. न पाहिलेल्या दरबारातून ती अजून निवृत्त झालेली नाहीत.

त्यांचे आजोबा जामदारखान्यात होते. राजाची चांदीची भांडी घासून घेण्याचं काम त्यांच्याकडे. घासण्याचं नव्हे, घासून घेण्याचं. हा फरक भाऊसाहेब दर वेळी स्पष्ट करत. स्वतः त्यांनी जन्मभर वीज कार्यालयात कारकुनी केली, बिलांच्या तक्रारी ऐकल्या आणि भाड्याच्या घरात दिवस काढले. मुलंबाळं नव्हती, जमीन नव्हती, मालकीची एक भिंतही नव्हती. चौधरीजींच्या या घरात ते निवृत्तीच्या आधीपासून राहत होते.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'प्रोफेसरबाई' केलं. सरकारी कागदावर माझं पद 'अतिथी विद्वान' असं होतं, त्यातलं अतिथी तेवढं खरं. पण शेजारी कुणी प्रोफेसरपेक्षा कमी दर्जाचं राहतं हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

त्यांच्या सफाईची रीत ठरलेली होती. रात्री दगडी वाटीत चिंच भिजत घालायची. सकाळी कोळून, चोथा पिळून बाजूला ठेवायचा. चौकातल्या कचोरीवाल्याकडून भट्टीची राख आणायची आणि ती जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायची. कचोरीवाला ही राख डब्यात भरून तयार ठेवी आणि "भाऊसाब का परसाद" म्हणून देई. मग चोथा राखेत बुडवून टाइल्सवर गोल गोल, सांध्यांना ब्रश, आणि कोपऱ्यात जिथे ब्रश शिरत नाही तिथे बांबूची तासलेली काडी. शेवटी सुकं फडकं. भिंतीवर एक थेंब राहिलेला त्यांना चालत नसे. बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग मागे ठेवतो, आणि देवासचं पाणी कसं आहे हे देवासच्या माणसाला सांगावं लागत नाही.

बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांचा त्यांना तिरस्कार होता. मी एकदा न्हाणीघरासाठी तेजाबाची बाटली आणली. जिन्यात त्यांनी ती पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ती पदराआड घेतली.

"सुरकुत्या जाव्यात म्हणून म्हातारीचं कातडं सोलणार का आपण?" ते म्हणाले. "चांदी असो के चिनीमाती. खाल ती वस्तू लावायची. जिभेला चालतं ते भिंतीला चालतं."

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी वाटीभर कोळ आणि पुडीत राख आली. मी आमटीत चिंच वापरली आणि राख फेकून दिली.

त्यांच्या वेडाची गावभर चेष्टा होई, पण ती प्रेमाची. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पूजतात. ज्यांच्याकडे तलवार उरली आहे ते तलवार, बाकीचे विळी, कात्री, स्कूटर. भाऊसाहेब पाटावर लाल कापड घालून त्यावर ब्रश, बांबूची काडी, नारळाची शेंडी आणि दगडी वाटी मांडत, हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहत. मला आणि चौधरीजींना पानसुपारीला बोलावणं असे. चौधरीजींचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस व्यवहारी, पण त्या ब्रशासमोर तोही चपला काढून हात जोडे. आत बसलेल्या आक्कासाहेब, म्हणजे भाऊसाहेबांची पत्नी, दर वर्षी तेच म्हणत, "माहेरी माझ्या भांडीवाली होती. इथे हे आहेत. फरक इतकाच की भांडीवाली गप राहून काम करायची."

"भांडीवालीला सांधे जमले असते का?" भाऊसाहेब विचारत.

"तिला अक्कल होती. ती भिंतीच्या वाटेला जात नसे."

दोघं एकमेकांना 'आपण' म्हणत. भांडतानाही. असं भांडण ऐकायला बरं वाटतं; दोन वकील एकमेकांना विद्वान मित्र म्हणून टोचतात तसं.

एकदा जुन्या दरबारी घराण्यांचा मेळावा भरला. मंडप, फेटे, तुतारी, आणि वारशावर बोलायला इंदूरहून आणलेला कुणी पुढारी. त्याने तलवारीवर तासभर भाषण केलं. त्याने हातात धरलेली सगळ्यात धारदार वस्तू फीत कापायची कात्री असावी. भाऊसाहेबांना शाल-श्रीफळ मिळणार होतं. छातीवर बिल्ला लावून ते तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. मी मागे होते. नावं पुकारायला सुरुवात होण्याच्या जरा आधी ते उठले आणि सरळ बाहेर पडले. मी मागोमाग गेले. त्यांनी घड्याळ दाखवलं. आक्कासाहेबांच्या आंघोळीची वेळ झाली होती. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "वारसा वारसा करतात. तिथल्या मुतारीच्या फरश्या पाहिल्या आपण?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की आंघोळ आक्कासाहेबांची, मग यांना घाई कसली.

उत्तर मला हळूहळू समजलं, कारण त्या घरात ते कुणी बोलून दाखवत नसे. आक्कासाहेबांना दिसत नव्हतं. साखरेनं डोळे गेले होते. इंदूरच्या फेऱ्या झाल्या, सुया झाल्या, लेझर झालं. आधी अक्षरं गेली, मग चेहरे, मग दिवा आहे की नाही एवढंच, आणि शेवटी तेही नाही. मी शेजारी राहूनही बरेच दिवस हे ओळखलं नाही, याचं कारण त्या घरात त्या कुठेही अडखळत नसत. चहा स्वतः करत. बोळातून चालत येत. आंघोळीला एकट्या जात, दार आतून लावून घेत. भाऊसाहेब बाहेर बसलेले असत इतकंच.

हे त्यांना जमत होतं ते त्या टाइल्समुळे. चौधरीजींनी घर बांधलं तेव्हा राजगढच्या कुठल्याशा धर्मशाळेच्या कामातून उरलेला माल त्यांना स्वस्तात मिळाला होता. माल संपेपर्यंत त्यांनी तो लावला. स्वयंपाकघरात ओट्यामागे, तिथून बोळाच्या भिंतीला, तिथून न्हाणीघरात चारी बाजूंनी, सगळीकडे कमरेच्या उंचीपर्यंत. वरची शेवटची ओळ द्राक्षांच्या घडांची, उठावदार. दिसायला भयंकर. हिरवी पानं, जांभळी द्राक्षं, मध्येच सोनेरी देठ. पण ही पट्टी गॅसपासून बादलीपर्यंत कुठेही न तुटता जात होती, आणि आक्कासाहेब तिच्यावर दोन बोटं ठेवून चालत. कोणत्या घडाचा कोपरा उडालाय, कुठे पान उलटं बसलंय, तिथून नळ किती हातावर, मोरीचा उंबरा कुठे, हे सगळं बोटांना पाठ होतं.

हिवाळ्यातल्या एका दुपारी भाऊसाहेब गच्चीवर चिंचेतले चिंचोके काढत बसले होते. मी पेपर तपासत होते. मी काही विचारलं नव्हतं.

"लोकांना वाटतं मला सफाईचं वेड आहे," ते म्हणाले. "मला घाणीचं काही नहीं, प्रोफेसरबाई. ऑफिसात उभा जन्म पिकदाणीशेजारी बसलो. पण ह्यांच्या बोटाला चिकट लागलं, खरखरीत लागलं के ह्या थांबतात. वाट चुकल्यासारखं होतं. एक दिवस मोरीत उभ्या राहून मला हाका मारत होत्या, मी कुठे आलेय म्हणून. डाळीच्या फोडणीचा एक शिंतोडा होता पट्टीवर. तेवढ्यानं."

चिंचोके त्यांनी एकीकडे सारले.

"हे घर त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. इथं आलो तेव्हा दिसत होतं त्यांना. यापुढचं कुठलंच घर त्यांना दिसणार नहीं. म्हणून हे सुटता कामा नये."

घर सुटणं न सुटणं चौधरीजींच्या मर्जीवर होतं. करार वगैरे कधी झालाच नव्हता. चौधरीजी पाहुण्यांना वर आणून ती भिंत दाखवत. त्यांना आधी त्या स्वस्तातल्या मालाची लाज वाटायची, आता अभिमान वाटू लागला होता. खालच्या दुकानदार भाडेकरूलाही आणून दाखवलं, मलाही दाखवलं, माझ्याच समोरच्या घरातलं. आणि एकदा सोयऱ्यांसमोर खुशीत येऊन म्हणाले, "भाऊसाब, जब तक ये दीवार चमकेगी, आपको यां से कोई नी उठाएगा."

माणसं पाहुण्यांसमोर बोलतात त्यातलं हे बोलणं. चहा संपेपर्यंत चौधरीजी विसरलेही असतील. भाऊसाहेबांनी मात्र ते दरबारातून आलेल्या हुकमासारखं मस्तकी धरलं. दुसऱ्या दिवसापासून सफाई दोन वेळा सुरू झाली. सकाळी त्यांची ओळ पुरी होईपर्यंत संध्याकाळची चिंच भिजत पडलेली असे.

सांध्यांतून पांढरी भुकटी निघे. ती ते एका बशीत गोळा करून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवत आणि आल्यागेल्याला दाखवत. "हा पाहा खार. रोज काढावा आणि रोज निघावा. असलं पाणी गावाला पाजतात." बशी पाहून आम्ही सगळे पाण्याला नावं ठेवत असू. चौधरीजी टँकरवाल्याला शिव्या देत. सांधे दिवसेंदिवस खोल आणि रेखीव दिसू लागले, आणि खोल सांधा स्वच्छ दिसतो.

डिसेंबरात, आभाळात ढगाचा मागमूस नसताना, खाली चौधरीजींच्या आईच्या खोलीत छताला ओल आली. त्या न्हाणीघराच्या बरोबर खाली. आधी ताटाएवढी, मग परातीएवढी. चौधरीजींनी त्यावर रंग मारून घेतला. रंग फुगला. वरच्या टाकीवर संशय गेला, टाकी बदलली. माझ्या नळावर संशय गेला, नळ बदलला. भाऊसाहेबांच्या न्हाणीघरावर कुणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं. चौधरीजी स्वतःच म्हणाले, तिथे एक थेंब ठरत नाही, तिथून गळणार कुठून?

मग एका दुपारी ते छत पडलं. सगळं नाही, पलंगाएवढा गिलावा, आणि पलंगावरच. म्हातारी अंगणात उन्हाला मेथी निवडत बसली होती म्हणून वाचली. आवाज ऐकून आम्ही सगळे धावलो. उशीवर सिमेंटचा ढीग होता आणि वर उघड्या सळया, त्यातून टपटप पाणी.

चौधरीजी वर आले ते एकटेच. घाबरलेले होते, रागावलेले नव्हते. पाटावर बसून त्यांनी न्हाणीघराच्या टाइल्सवर हात फिरवला, जसा इतकी वर्षं पाहुण्यांसमोर फिरवत आले होते. मग दाराआडचा झाडू ओढून त्यातला एक हीर मोडला आणि नळाखालच्या सांध्यात घातला. हीर आत गेला. जातच राहिला. बोटांच्या चिमटीत टोक उरलं तेव्हा त्यांनी तो सोडला, दुसरा हीर घेतला, भिंतीच्या बुडाशी घातला. तोही गेला. भाऊसाहेब दारात उभे होते, मी त्यांच्या मागे.

"भाऊसाब," चौधरीजींनी वर पाहिलं. "इसमें का सीमेंट कां गया?"

त्यांनी खरोखरच विचारलं होतं, आरोप नव्हता. भाऊसाहेब आत आले. मग खिडकीतली बशी घेतली, त्यातली चिमूटभर भुकटी अंगठ्याने बोटावर चोळली. त्यांनी हे आधी कधी केलं नसावं. बोटांना बारीक वाळू लागली असणार, कारण ते पुन्हा पुन्हा चोळत राहिले. खारात वाळू नसते. चिंचेने चांदीवरचा काळा थर जातो आणि खाली चांदी राहते. सांध्याखाली काहीच नसतं. इतकी वर्षं त्या हातांनी रोज थोडं थोडं घर विरघळवून बशीत काढलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी शाबासकी दिली होती.

त्यांनी बशी चौधरीजींपुढे धरली.

"ये रहा," ते म्हणाले.

चौधरीजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाटावरच बसून राहिले आणि नंतर भाऊसाहेबांचं सांत्वन करू लागले. पाणी भिंतीतून खाली स्लॅबपर्यंत मुरलंय, आता फरशी, भिंतीच्या टाइल्स, पाइप, सगळं फोडावं लागेल. बोळाच्या भिंतीतूनच पाइप जातो, तीही जाईल. दोन महिने कुठे नातेवाइकांकडे राहा. मग या परत, घर आपलंच आहे. "इससे बढ़िया लगवा दूंगा, भाऊसाब. आजकल तो इत्ती बड़ी-बड़ी टाइल आती है, जोड़ ही नी दिखता." भल्या माणसाचं एकेक वाक्य भाऊसाहेब मान खाली घालून घेत होते.

स्वयंपाकघराच्या दाराशी आक्कासाहेब उभ्या होत्या. बोटं पट्टीवर होती. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"पट्टी राहील ना?" त्यांनी विचारलं.

चौधरीजींना प्रश्न समजला नाही. भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, "राहील."

आक्कासाहेबांचा भाचा सुधीर धारला नालछ्याच्या रस्त्याला एका नव्या इमारतीत राहत होता. तो गाडी घेऊन आला. शेजारचे लोक आक्कासाहेबांना म्हणत होते, चला, माहेरी चाललात. त्या हसत होत्या. जिन्याशी आल्यावर मात्र त्यांचा हात भिंतीवर फिरू लागला. जिन्याला टाइल्स नव्हत्या, चुना होता, आणि त्या घरातून बाहेर पडायचं काम त्यांना कधी फारसं पडलंच नव्हतं.

ते गेल्यावर फोडाफोडी सुरू झाली. भाऊसाहेबांनी जाताना मजुरांना सांगून ठेवलं होतं की द्राक्षांची ओळ अख्खी काढा. छिन्नी लागली की ती टाइल पापडासारखी मोडायची. चार-दोन धड निघाल्या, त्या सुधीर पोत्यात घालून घेऊन गेला. धारला भाऊसाहेबांनी त्या भिंतीला टेकवून ओळीने ठेवल्या आणि आक्कासाहेबांना हाताला धरून तिथे नेलं. त्यांना वाकावं लागलं. बोटं फिरवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" पुढे सुधीरच्या बायकोने त्यावर बाल्कनीतल्या कुंड्या ठेवल्या. हे मला सुधीरनेच सांगितलं, आणि यात दोष कुणाचा काढावा हे मला अजून कळलेलं नाही.

काम पुरं झाल्यावर चौधरीजींनी भाऊसाहेबांना बोलावून घेतलं. ते एकटे आले, सकाळच्या बसने. इस्त्रीचा सदरा होता, उपरणं नव्हतं. नवं न्हाणीघर खरोखर देखणं झालं होतं. पांढऱ्या, माणसाएवढ्या टाइल्स, छतापर्यंत. सांधा शोधून सापडला नसता. बोळालाही तशाच. चौधरीजी खाली किल्ली आणायला गेले तेव्हा भाऊसाहेबांना वाटलं असावं की मजल्यावर कुणी नाही. माझं दार किलकिलं होतं. ते ओट्यापाशी गेले, डोळे मिटले, दोन बोटं भिंतीवर ठेवली आणि चालू लागले. बोटं काचेवरून सरकावी तशी सरकत गेली. बोळात त्यांनी वेग कमी केला. न्हाणीघराच्या दाराच्या पुष्कळ आधीच ते आत वळले आणि कपाळ भिंतीवर आपटलं. डोळे न उघडता ते मागे ओट्यापर्यंत गेले आणि पुन्हा निघाले. पुन्हा आपटले. तिसऱ्यांदा निघाले नाहीत. कपाळ भिंतीला लावून तिथेच उभे राहिले.

चौधरीजी आल्यावर म्हणाले, "बहुत सुंदर, चौधरीजी. बहुत सुंदर." आणि किल्ली घेतली नाही.

होळीच्या सुट्टीत मी धारला घरी गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. सुधीर आणि त्याची बायको कामावर होते. बैठकीच्या खोलीत मला बसवून भाऊसाहेबांनी पाणी आणून दिलं. अंगावर चुरगळलेला सदरा होता. कॉलेजची चौकशी केली, मी कायम झाले का विचारलं, नाही म्हटल्यावर मान हलवली. मोठी पाती, धाकटी पाती कुठलाच विषय निघाला नाही. ह्या घरात ते काही घासत नव्हते. सुधीरच्या बायकोने हात जोडून विनंती केली होती म्हणे, आणि ते म्हणाले, बरोबरच आहे तिचं.

आक्कासाहेब माझ्यासमोरच आंघोळीला गेल्या होत्या. अजून एकट्याच जात, दार लावून घेत. तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं. बोलता बोलता भाऊसाहेब उठून न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून.

"नळ उजवीकडे," ते दाराशी तोंड नेऊन म्हणाले. "आपण वळलात का? मग आता डावीकडे."

आतून तांब्या भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. इकडे ठोकला, तिकडे ठोकला. मग काहीतरी घरंगळत गेलं, बहुधा तोच.

"मी येऊ?"

"नको."

मग बराच वेळ आवाज आला नाही. मी पाण्याच्या आवाजाची वाट पाहत होते. नळ सुटला नाही, बादली हलली नाही. समोरच्या भिंतीवर सुधीरच्या मुलाचं शाळेतलं प्रशस्तिपत्र होतं, हिंदीतलं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. भाऊसाहेब टॉवेल घेऊन तसेच उभे होते.

कडी निघाली. आक्कासाहेब दारात आल्या. अंगावर गेल्या तेव्हाचीच साडी, केस मोकळे सोडलेले, कोरडे. पावलं कोरडी. त्यांनी हात पुढे केला, भाऊसाहेबांनी तो धरला.

"झाली आंघोळ?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"पाणी बेताचं होतं ना?"

"हो. चांगलं ऊन होतं."

भाऊसाहेबांनी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, मागे उभे राहिले, आणि टॉवेल उलगडून ते कोरडे केस बुंध्यापासून टोकापर्यंत, बट बट सोडवून, हळूहळू पुसायला लागले.